दोंदे बाबांनी गाणं थांबवलं

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘कॅसेट सेंटर’ असंच लिहिलेलं आहे. पाटी बदला, असं घरातून वर्षातून दोनदा तरी ऐकू येतं. एकदा दसऱ्याच्या साफसफाईत आणि एकदा एखादा रंगारी ओळखीचा निघाला की. मी हो म्हणतो आणि विसरतो. आत मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन आणि ब्लूटूथचे स्पीकर आहेत. कॅसेट म्हणाल तर मागच्या एका फळीवर धूळ खात पडल्यात. नाशिकरोड स्टेशनवरून चालत येणारा एखादा पन्नाशीचा माणूस पाटी बघून थबकतो, हसतो आणि चार्जर घेऊन जातो. तेवढ्या हसण्यासाठी पाटी राहू दे, असं मला वाटतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्या संपादकबाईंची अपेक्षा अशी दिसली, की मी कॅसेटच्या सुवर्णकाळाबद्दल उसासे टाकीन. उसासे टाकायला माझी ना नाही. पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती अगदी अलीकडची आहे. एका रॉक गाणाऱ्या मुलीनं माझ्याकडून चक्क नव्या कॅसेटी भरून घेतल्या, त्याची. ‘भरून घेणं’ म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण निम्म्या वाचकांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता आणि उरलेल्या निम्म्यांना आता आठवत नसेल.

गिऱ्हाईक कोरी कॅसेट घ्यायचं आणि आपल्याला हवी ती गाणी सांगायचं. एक या सिनेमातलं, दोन त्या गझलेतली, मध्ये एखादं भीमगीत, शेवटी आईसाठी एखादा अभंग. ती सगळी गाणी शोधून एकापाठोपाठ एक आम्ही त्या फितीवर उतरवून द्यायचो. गाणं जेवढं लांब तेवढाच वेळ ते भरायला लागायचं. भराभर भरून देणारी यंत्रं पुढे आली होती, पण त्यात आवाज पातळ यायचा म्हणून मी ती वापरली नाहीत. कौशल्य म्हणाल तर एवढंच, की बाजू संपताना गाणं मध्येच तुटता कामा नये. ज्याचं गाणं तुटलं तो माणूस दुसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या घालून दारात हजर. आणि जे भराल ते सगळं तुम्हाला ऐकावं लागायचं, आवडो न आवडो. त्यामुळे मी आयुष्यात जेवढी गाणी दुसऱ्यांच्या आवडीनं ऐकली तेवढी स्वतःच्या आवडीनं ऐकली नाहीत. तक्रार नाही. माझी एकट्याची आवड फार तोकडी होती.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. प्रेसमध्ये नोटा छापायच्या कामावर असलेले एक गृहस्थ यायचे. कॅसेट लावायला सांगायचे, दोन्ही बाजू उभ्यानं डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “वा! आता ऐकून झाली, नेऊन काय करू?” ज्याच्या हातून रोज एवढ्या नोटा जातात, त्याच्या हातून एक सुटायची नाही. मालेगावचे एक लूमवाले चाचा मात्र एकच कव्वालीची कॅसेट पुन्हा पुन्हा न्यायचे, कारण कारखान्यात दिवसभर लावून ती घासून जायची. लूमच्या खडखडाटात गाणं ऐकू येतं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “सुनाई तो कुछ नहीं देता भालेराव. पण बंद पडलं की लगेच कळतं, आदमी लोग का हाथ ढीला होतो.” असे पैसे देणारे लोक होते म्हणून माझं घर चाललं, मुली शिकल्या. हे ऋण मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

रुखरुख एकाच गोष्टीची आहे. भरून दिलेल्या कॅसेटचे पैसे मला मिळाले, दुकानमालकाला भाडं मिळालं, कोऱ्या कॅसेटवाल्याला मिळाले. ज्यानं गायलं त्याला त्यातलं काय मिळालं? काही नाही. तेव्हा सगळी दुकानं असंच करायची आणि कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. पण म्हणूनच आजच्या पोरांनी फुकट गाणी ऐकली तर मला त्यांच्यावर दात-ओठ खाता येत नाहीत.

तर ऋतुजा. नाशिकच्याच सिडकोतली मुलगी. आई शोभाताई घरी शिलाई करतात, वडील लवकर गेले. कॉलेजात असताना चार मुलांबरोबर तिनं एक बँड काढला. बँडचं नाव इथे घेत नाही, कारण तो अजून आहे आणि त्याचे चाहते फार तापट आहेत. अंबडच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये ते सराव करायचे. मराठी गाणी, पण असल्या आवाजात की शेजारच्या कारखान्यानं तक्रार करावी. केबल, जॅक, माइकच्या पिना असलं सामान न्यायला ती माझ्याकडे यायची. बँडचं नाव झालं, पुण्या-मुंबईला कार्यक्रम झाले, पोरं त्यांच्या नावाचे काळे टी-शर्ट घालून हिंडू लागली. आणि एके दिवशी ऋतुजानं बँड सोडला. भांडण वगैरे नव्हतं. तिला वेगळं काही गायचं होतं आणि ते ड्रमच्या मागे लपत होतं, असं ती म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात ती दुकानात आली.

“काका, तुमचा डेक चालू आहे ना?”

“चालू आहे. मीपण चालू आहे.”

“माझा अल्बम आलाय. एकटीचा, पहिलाच. कॅसेटवर भरून द्याल?”

मी विचारलं, “कोण घेणार गं? टेपरेकॉर्डर आहे कोणाकडे?”

“नाहीये. म्हणून तर,” ती म्हणाली. “ऑनलाइन सगळीकडे आहे, फुकट. किती जणांनी ऐकला त्याचा आकडा रोज दिसतो. माणूस दिसत नाही हो काका. त्यातल्या कोणाला खरंच हवाय आणि कोणाचा चुकून अंगठा लागलाय, काही कळत नाही.” मग म्हणाली, “पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळतेय. चांगली आहे. आई म्हणते, घे, गाणं काय पळून जातंय? पण ती नोकरी सकाळी सुरू होते आणि कधीच संपत नाही. ती घेतली की गाणं संपलं, मला माहितेय. ऐकणारं कोणी आहे असं एकदा दिसलं तर मी आईला सांगू तरी शकेन. नसेल तर जाते पुण्याला, तेही ठीक आहे.”

‘तेही ठीक आहे’ हे तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून ते अजिबात ठीक नव्हतं हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

कॅसेटवर किंमत छापायची नाही, ज्याला जे वाटेल ते द्यावं, असं तिनं ठरवलं. कोऱ्या कॅसेटी तिनं कुठून कुठून मिळवल्या. मी डेक उघडला, स्पिरिट आणि कापूस घेऊन फीत घासत जाते ते हेड पुसलं, नवा पट्टा घातला आणि कामाला लागलो. पहिल्या गाण्यालाच मला वाटलं पट्टा चुकीचा बसला. मागे एकसारखी टकटक येत होती, मध्येच अडखळणारी. दोनदा डेक उघडून बघितला. शेवटी तिलाच फोन केला, तर हसत सुटली. ती तिच्या आईची शिलाई मशीन होती. ड्रमच्या जागी तिनं तीच घेतली होती, आणि गाणं होतं दुसऱ्यांच्या मुलींचे लग्नातले ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला अल्बम आवडला नाही. बँडमध्ये ही पोरगी अशी गायची की काच तडकेल, आणि इथे कानाशी येऊन बोलल्यासारखी. पण आमच्या धंद्याची हीच तर गंमत. भरायचं म्हणजे ऐकायचं. पाचव्या-सहाव्या कॅसेटला मी त्या मशीनच्या ठेक्यावर काउंटरवर बोटं वाजवत होतो. दहावी भरून झाली तेव्हा मुद्दाम अकरावी लावली. उशिरा का होईना, एका गाणारीला मला तिच्या तोंडावर सांगता आलं की बाई, तुझं गाणं मला आवडलं. आजवर ज्यांची गाणी विकली त्यांतलं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

कॅसेट घेणारे आले. गंमत अशी, की घेणाऱ्यांकडे ती वाजवायला काही नव्हतं, म्हणून ते ऐकायला माझ्याच दुकानात येऊन बसायचे. रविवारी आमची गल्ली बंद असते, पण मी अर्धं शटर वर ठेवून असतो. तिथे यांची, आणि न घेता नुसतं ऐकणाऱ्यांचीही, सभा भरायची. त्यात दोन मुख्य वक्ते. एक अथर्व, इंजिनिअरिंगचा, बँडचा काळा टी-शर्ट अंगातून कधी न काढणारा. दुसरी पूर्वा, सटाण्याची, इथे वसतिगृहात राहून फार्मसी करणारी. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर दोंदे बाबा. बाबा मनमाडला रेल्वेत फिटर होते, निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले. रोज सकाळी “जयभीम भालेराव” म्हणत येतात, रेडिओ दुरुस्तीला देतात आणि दुरुस्त करू देत नाहीत, कारण मग यायला निमित्त राहणार नाही.

“हे रॉक नाहीये,” अथर्व म्हणायचा. “सॉरी. मशीनची टकटक म्हणजे रॉक नाही. तिचा आवाज काय होता राव! सगळा वाया घालवलाय. एवढं गुळमुळीत करायला बँड सोडायचा?”

“तुला फक्त आरडाओरडा कळतो,” पूर्वा तुटून पडायची. “बँडमध्ये शब्द तरी ऐकू यायचे का? मी रोज ऐकते हा अल्बम. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.”

“मग कॅसेट का नाही घेतलीस?”

“फुकट ऐकायला मिळतंय तर पैसे कशाला देऊ? मध्ये मध्ये जाहिराती ऐकते की! तेवढं सोसते, ते काय कमी आहे?”

“मी घेतलीय,” अथर्व छाती काढून म्हणायचा.

“न आवडलेली कॅसेट पैसे देऊन घेतलीस? मग शहाणा कोण आणि वेडा कोण?”

यावर अथर्वचा चेहरा पडायचा आणि बाकीची मंडळी हसायची. मलाही हसू यायचं, पण नंतर मनात आलं, खरंच की. माझ्या दुकानात बसून अल्बमला शिव्या देणारे जवळजवळ सगळे विकत घेऊन शिव्या देत होते, आणि स्तुती करणारे फुकटात स्तुती करत होते. दोंदे बाबांना यातला एकही वाद समजत नव्हता. ते मधूनच विचारायचे, “ती पोरगी कधी येणार हाय? समोर गायल्याबिगर कसं सांगायचं, चांगलंय का वाईट?”

बाबांचं म्हणणं मी ऋतुजाच्या कानावर घातलं. पुण्याला उत्तर कळवायचा दिवस सोमवार होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, आमच्या दुकानापुढे गायचं तिनं ठरवलं. “तिथे काय होतं त्यावर ठरवते काका,” म्हणाली. मला जरा धसकाच बसला. एका मुलीच्या आयुष्याचा निकाल माझ्या दुकानाच्या पायरीवर लागावा, एवढी आमची पायरी भक्कम नाही.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वस्त्यांमधून जयंतीच्या दिवसांत गायन पार्ट्यांचे कार्यक्रम व्हायचे, अजूनही होतात. माझे मामा अशाच एका पार्टीत पेटी वाजवायचे. भीमगीतं, सवाल-जवाब असा कार्यक्रम रंगात आला, एखादं कडवं काळजाला भिडलं, की ऐकणारा माणूस चालू गाण्यातच उठून पुढे जातो आणि गाणाऱ्याला नोट देतो. तिकीट वगैरे भानगड नाही. गाणारा गाणं थांबवत नाही. वादक ठेका धरून ठेवतात, आणि तेवढ्या वेळात माइकवर नाव पुकारलं जातं: अमक्या गावचे अमके, यांच्याकडून इतके रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे. मग देणाऱ्यासाठी तेच कडवं पुन्हा होतं. लहानपणी मामांच्या शेजारी बसून नावं पुकारायचं काम काही काळ माझ्याकडे होतं. मामांनी एकच शिकवलं होतं. दोन रुपयाची नोट असो नाहीतर शंभराची, आवाज एकच लागला पाहिजे.

रविवारी लोक आले. गल्लीतल्या बंद दुकानांच्या पायऱ्या भरल्या, मागे काहीजण उभे राहिले. काळे टी-शर्ट बरेच होते. माझी एक जुनी पेटी, म्हणजे स्पीकरची, बाहेर काढली होती. ऋतुजा एका स्टुलावर गिटार घेऊन बसली, शेजारी तिची एक मैत्रीण शिलाई मशीनवर. होय, खरोखरची मशीन, रिक्षातून आणलेली. पण शोभाताई आल्या नव्हत्या. मशीन दिली, स्वतः आल्या नाहीत.

पहिलं गाणं झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रागानं नव्हे. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते आणि सगळे गाणं टिपत होते. टिपणारा माणूस हलत नाही, आपलाच श्वास त्यात येऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेतो. ऋतुजाला समोर दिसत होती ती नुसती मोबाइलची पाठ. दुसऱ्या गाण्यानंतरही तेच. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी उसनं हसलो. हिला माणूस बघायचा होता आणि माणूस पुन्हा मोबाइलमागे जाऊन बसला होता.

तिसरं गाणं मशीनचं. ते अर्ध्यावर आलं असेल आणि दोंदे बाबा उठले. काठी टेकत, लोकांच्या मांड्यांमधून वाट काढत, सरळ तिच्या दिशेनं निघाले. चेहरा त्यांचा मुळातच रागीट आहे, त्याला ते काही करू शकत नाहीत. पोरीनं ते येताना बघितलं आणि तिला वाटलं, म्हातारबा वैतागले. आजवर तिच्या गाण्यात जे जे म्हातारे उठून आले होते ते आवाज बंद करायला सांगायलाच आले होते. तिनं तारांवर हात ठेवला. मशीनही थांबली.

“सॉरी बाबा,” ती म्हणाली. “बंद करते.”

बाबा नोट धरलेला हात पुढे करून तसेच उभे.

“बंद कशापायी?” त्यांचाच चेहरा उतरला. “मी काय भांडाया आलोय व्हय? अगं, लय भारी लागलं ते. ती बाई लोकाच्या पोरीची चोळी शिवती अन् स्वतःच्या पोरीचं माप घ्यायला तिला येळ नाय. हे घे. अन् गाणं तोडत नसत्यात पोरी, वाजवत राहायचं. नाव घ्यायचं माझं आणि तेच कडवं परत म्हणायचं. नाव घ्यायला कोणी नाय का हितं?”

ती नोट हातात घेऊन बावचळून बसली. तिच्या बँडच्या जगात असलं काही नव्हतं. मी कधी पायरी उतरलो आणि कधी तिच्यापुढचा माइक हातात घेतला, मला कळलं नाही. मशीनवरच्या मुलीला म्हटलं, “चालव गं, ठेका सोडू नकोस.” टकटक सुरू झाली. इतक्या वर्षांनी आवाज लागेल की नाही असं वाटत होतं, पण लागला.

“मनमाडचे दोंदे बाबा यांच्याकडून गायिका ऋतुजाताई यांना शंभर रुपये. पार्टी त्यांची आभारी आहे!”

पोरं आधी खो खो हसली. मग कोणीतरी टाळी वाजवली. ऋतुजानं तेच कडवं पुन्हा घेतलं, आणि या वेळी ती बाबांकडे बघून गायली. कुजबुजणारी पोरगी मोकळी झाली. बँडमधला तो काच तडकवणारा आवाज त्या छोट्या गाण्यात असा काही येऊन बसला, की माझ्या अंगावर काटा आला. बाबा मान डोलवत उभेच राहिले.

तेवढ्यात माझ्या दुकानातून एक बाई मोठ्यानं ओरडली, “पन्नास रुपये प्राप्त झाले!”

काउंटरवरचं पैसे आल्याचं सांगणारं ते यंत्र. बघतो तर अथर्व माझ्या काउंटरवरच्या कोडपुढे मोबाइल धरून उभा. खिशात नोट नव्हती बिचाऱ्याच्या. या पोरांच्या खिशात नोट नसतेच. लोक पुन्हा हसले. बाबांना मात्र ते मुळीच पटलं नाही.

“ह्या बाईला नाव घेता येत नाय का?” ते मला म्हणाले. “नुसता आकडा काय सांगती?”

मग मी नाव घेतलं. आणि अथर्वनं माइक मागून घेतला. “मला बँडच आवडतो,” तो तिला म्हणाला, कान लाल झालेले. “अजूनही म्हणतो, हे रॉक नाही. पण मी कॅसेट घरी नेऊन रोज नुसती बघतो. ती वाजवायची सोय करतोय. तू गात राहा म्हणजे झालं.” एवढं बोलून तो गर्दीत घुसला.

त्यानंतर रांग वगैरे लागली असं काही झालं नाही. तसं सांगितलं तर ते खोटं होईल. बरेचजण उभे राहून टिपत राहिले, काही निघूनही गेले. पण मधून मधून ती बाई ओरडायची, मी नाव विचारून पुकारायचो, आणि ऋतुजा त्या माणसाला बघून ओळ पुन्हा घ्यायची. शेवटच्या गाण्याला पूर्वा पुढे आली. चुरगळलेली दहाची नोट होती. माझ्या कानाशी म्हणाली, “काका, नाव नका घेऊ. दहाच आहेत.” मी म्हटलं, “मग काय घेऊ?” तर म्हणाली, “सटाणा म्हणा.” मी पुकारलं, “सटाणा यांच्याकडून दहा रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे,” आणि आवाज तोच ठेवला. मामा असते तर चूक काढली नसती. पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आता लपवायचं कशाला?

सोमवारी दुपारी ऋतुजाचा फोन आला. “पुण्याला नाही म्हणून कळवलं, काका,” तिनं सांगितलं. तिचा आवाज आनंदाचा होता, पण पूर्ण नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, “आई बोलत नाहीये. काल काय झालं ते सगळं सांगितलं, दोंदे बाबांचं, अथर्वचं. ती फक्त म्हणाली, मशीनचा पट्टा सैल करून आणलास. आणि स्वयंपाकाला लागली.”

मला वाईट वाटलं. आपण पायरी दिली, माइक धरला, आणि एका घरात अबोला आणला, असं मनात येत राहिलं. कमलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्हाला जगाचं गाणं कळतं. आईला हप्ता कळतो. तिला वेळ द्या.”

त्याच आठवड्यात एका दुपारी, गल्लीत ऊन तापलेलं असताना, शोभाताई दुकानात आल्या. मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं. खांद्याला शिवायच्या कपड्यांची पिशवी, गळ्यात मोजपट्टी तशीच राहून गेलेली. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “ते गाणं लावता का? घरी ती मोबाइलवर लावते, पण तिच्यापुढे ऐकायला मला जमत नाही.”

मी कॅसेट लावली, त्यांना दोंदे बाबांचं स्टूल दिलं. बाबा त्या दिवशी आले नव्हते. शोभाताईंनी सगळं ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. मशीनचं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांचा उजवा पाय खाली आपोआप हलायला लागला, पायडल मारल्यासारखा. माप घ्यायला वेळ नसलेल्या बाईचं ते कडवं आलं आणि पाय थांबला. गाणं संपलं. मग त्यांनी विचारलं, “त्या दिवशी कोणी कोणी दिले? नावं आठवतात?”

मला सगळी आठवत होती. एकेक सांगत गेलो. दोंदे बाबा, अथर्व, सटाणा, आणि बाकीचे. प्रत्येक नावाला त्या हळूच मान हलवत होत्या, घरी आलेल्या पाहुण्याला ओळख द्यावी तशी. सगळी सांगून झाल्यावर त्यांनी कमरेचं छोटं पाकीट काढलं, त्यातून एक घडी घातलेली नोट काढून काउंटरवर ठेवली आणि तळहातानं सपाट केली.

“माझंही नाव घ्या.”

मी म्हटलं, “ऋतुजाची आई म्हणून सांगू?”

“नको. शोभा. सिडको. बस.”

दुकानात आम्ही दोघंच होतो. माइक बंद होता, गल्लीत कुत्रं नव्हतं. तरी मी उभा राहिलो आणि पूर्ण आवाजात पुकारलं, “सिडकोच्या शोभाताई यांच्याकडून गायिका ऋतुजाताई यांना पन्नास रुपये. पार्टी त्यांची आभारी आहे.” समोरच्या दुकानदारानं काय झालं म्हणून डोकं बाहेर काढलं. शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला, मग तो सारखा केला आणि स्टुलावर सरसावून बसल्या.

“आता ते कडवं परत लावा,” त्या म्हणाल्या. “मघाशी आई म्हणून ऐकत होते, निम्मं डोक्यात शिरलं नाही. आता पैसे दिलेत. नीट ऐकू द्या.”